सोनपापणीच्या खेळास दहावे डोके मिळाले त्याची बखर

श्री गोदामाई प्रसन्न.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासर म्हणजे बुधवार, ऐसे दिवशी शहर नाशिक येथे गंगापूर रस्त्यावर जी मोहीम जाहली तिचा मजकूर वस्तीवरील लहानथोर आपापल्या परीने सांगू लागले, आणि सांगता सांगता ज्याने शर्थ केली तो मागे पडून ज्याने वडापाव आणिला तो पुढे येऊ लागला, मग पुढील पिढ्यांत कलह माजू नये आणि ज्याचे यश त्याचे पदरी राहावे म्हणोन, जे डोळां पाहिले, जे कानी ऐकिले आणि जे चहा पाजून काढून घेतले, ते सर्व येथे लिहून ठेविले आहे. यात पदरचे काही घातले असेल तर ते माळेत आंब्याचे पान ओवावे इतकेच. माळ झेंडूचीच आहे.

मौजे मखमलाबादचे शिवारात पाटाचे अंगास माळी मंडळींची वस्ती. तेथे राजश्री भारतराव, पावणेदोन एकर झेंडू आणि अर्धा एकर शेवंती यांचे धनी, राज्य करीत असत. त्यांचे दरबारी बोलणे थोडे आणि मान हलविणे फार. त्यांची वडील बहीण लंकाबाईसाहेब पूर्वी चांदवडास दिलेल्या, परंतु सहा वर्षांमागे तेथील कांद्याचे रान दिरांचे हवाली करून यजमानांसह माहेरचे वस्तीलगत येऊन राहिल्या. यजमान भिमाजीराव हे छोट्या हत्तीचे माहूत, म्हणजे छोटा हत्ती या नावाने जो चारचाकी टेम्पो मुलखात मशहूर आहे तो हाकणारे. आणि भारतरावांची कन्या चिरंजीव सृष्टीताई, वय वर्षे नऊ, इयत्ता चौथी, जिच्या पायी हे सारे रण पेटले.

लंकाबाईसाहेबांची हत्यारे दोन, एक वीतभर लांब सुई आणि दुसरा गळा. पत्र्याचे शेडखाली दुपार कलता बाया बसत, ओटीत फुले घेत आणि माळा ओवीत. आणि ओवणाऱ्या बाईचा कदीम रिवाज ऐसा की डोळा सुईच्या टोकावर ठेवावा आणि कान मोकळा सोडावा, कारण डोळा हलला की सुई बोटात. त्याच वेळी सृष्टीताई शाळेतून येत, आईचा मोबाइल एका पालथ्या क्रेटवर टेकवीत आणि राजकन्या सोनपापणीचा चित्रपट लावीत. मग पाहणारी एकटी सृष्टीताई आणि ऐकणाऱ्या साऱ्या, ऐसा तो दरबार दोन महिने चालला.

सोनपापणी म्हणजे काय, ऐसे कोणी पुसेल तर, फिरंगी मुलखातील कोण्या जुन्या कहाणीस हलत्या चित्रांचा अंगरखा घालून, गळ्यात गाण्यांची बोरमाळ बांधून आणि वर मराठी जबान चढवून लहान मुलींकरिता केलेला तो चित्रपट. त्यातील कथा ऐसी की, एका राजास कन्या जाहली, तिच्या पापण्या सोन्याच्या, आणि नाव ठेवण्याचे दिवशी राजाने सारा मुलूख जेवावयास बोलाविला, मात्र डोंगरावरची बाई तेवढी बोलाविली नाही. तरी ती आली, पाळण्यावर वाकली, बाळाचे कानात काही कुजबुजली, आणि मग एकदम धडाड धडाड ऐसे आवाज होऊन लोकांचा कल्होळ उडाला. तिने कानात सांगितले ते हे की बाराव्या वर्षी तुझे गाणे तुला सोडून माझ्याकडे येईल. मग ते तैसेच घडले, आणि मुकी जाहलेली सोनपापणी सात डोंगर ओलांडून त्या बाईच्या बुरुजाशी गेली.

हे सारे लंकाबाईसाहेबांनी कानांनी पाहिले आणि मनाशी निवाडा केला. बारशाला येते कोण, पाळण्यावर वाकते कोण आणि बाळाचे कानात बोलते कोण? आत्या. आणि ते धडाड धडाड काय? बाळाचे कानात नाव सांगितले की आत्याच्या पाठीत धपाटे पडतात, ते. म्हणोन डोंगरावरची बाई ही राजाची सख्खी बहीण, सोनपापणीची आत्या, बारशाला न बोलाविलेली, आणि तिचा राग रास्त, ऐसा हुकूम शेडखाली जाहीर जाहला आणि साऱ्या बायांनी तो मान्य केला. पडद्यावर त्या बाईचे रूप काय होते ते एकट्या सृष्टीताईस ठाऊक होते, परंतु तिने तोंडातून अक्षर काढिले नाही. त्या बाईचे एक गाणे होते, तेवढ्यापुरती लंकाबाईसाहेब सुई थांबवीत.

*डोंगराच्या गं पल्याड, एकलीचं माझं घर*
*तुझ्या पाळण्याची दोरी, मला दिसे रातभर*

आणि गाणे सरले की आपल्या पदरची एक ओवी त्यास जोडीत.

*भाचीच्या गं बारशाला, नाही आत्या बोलाविली*
*पाळण्याच्या गं दोरीला, गाठ उलटी पडली*

ऐसे होता होता एक मोठी दिक्कत उभी राहिली. मोबाइलातील चित्रपट शाळेतील कोण्या मैत्रिणीच्या भावाकडून आलेला, तो शेपटाकडे तुटका निघाला. सोनपापणी बुरुजाचे दारावर थाप मारण्यास हात उचलते, आणि हात वर असताच पडदा काळा. दार उघडले की नाही, आत्या काय बोलली, गाणे परत मिळाले की नाही, काहीच कळेना. मग शेडखाली दोन तट पडले. चंद्रभागाबाई, ज्या झेंडूचे देठ दातांनी तोडीत आणि शब्दही तैसेच, त्यांचे म्हणणे की पोरगी आत शिरून म्हातारीच्या झिंज्या उपटील. लंकाबाईसाहेबांचे म्हणणे की आत्या दार उघडील, पोरीस पोटाशी धरील, आणि राजाने साडीचोळी घेऊन यावे इतकीच तिची अट निघेल. नवसाबाई ज्या दिवशी जिच्याशेजारी बसत तिच्या तटात जात. भारतराव फुलांची जाळी उचलावयास आले असता त्यांनाही मत पुसले गेले, तेव्हा त्यांनी फर्माविले की दार उघडो अगर मोडो, माळा झाल्या का.

नवरात्रीच्या सहाव्या दिवशी भारतरावांचे कुटुंब शुभांगीबाई बातमी घेऊन आल्या की गंगापूर रस्त्यावरील मयूरपंख चित्रमंदिरी सुटीनिमित्त सोनपापणीचे खेळ लागले आहेत, आणि शेवटचा खेळ नवमीस सकाळी दहाचा, कारण दसऱ्यापासून तेथे मारामारीचा नवा चित्रपट येणार. हे ऐकताच सृष्टीताई क्रेटवरून उठल्या आणि आत्यापुढे नुसत्या उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, मागितले नाही. लंकाबाईसाहेबांनी सुई फुलात खोवली, तीवर हात ठेविला आणि वचन दिले की तुला सोनपापणीचा शेवट मोठ्या पडद्यावर दाखवीन, नाही दाखविला तर हात सुईला लावणार नाही. हे वचन मोठे जबर होते, कारण दसरा चार दिवसांवर आणि लंकाबाईसाहेबांच्या सुईवाचून वस्तीची निम्मी माळ उभी राहात नसे.

सकळांस ठाऊक आहे की खंडेनवमी आणि दसरा हे झेंडूवाल्याचे दीड दिवस. वर्षभर रान ज्यासाठी राखावे ते या दीड दिवसांत विकावे, नाहीतर उकिरड्यावर टाकावे. त्या दिवशी माळी माणूस रस्ता सोडून सावलीत बसत नाही, तेथे चित्रमंदिरात बसणे म्हणजे भर लढाईत मोर्चा सोडणे. म्हणोन भारतरावांकडे अर्ज गेला तो त्यांनी साफ फेटाळिला.

“आक्का, वर्षाचा सण हाय,” ते म्हणाले. “पोरगी पुढल्या साली बघील.”

“पुढल्या साली ती धा वर्षांची होईल,” लंकाबाईसाहेब म्हणाल्या. “मंग ती असलं बघायची नाय.”

यावर भारतरावांनी नेहमीप्रमाणे मान हलविली, परंतु ती होकाराची की नकाराची हे त्यांस स्वतःस कळेना, आणि त्या गैरसमजुतीत तह होऊन गेला. ठरले ते ऐसे की नवमीस सकाळी आठाचे आत सारा तोडा, म्हणजे फुलांची तोडणी, पुरा व्हावा आणि दोनशे माळा तयार असाव्या. दुकान नेहमीचे फूलबाजारात न मांडिता मयूरपंखासमोरचे पदपथावर मांडावे. मग दहा वाजल्यापासून बारा वाजेपर्यंत बायांनी खेळास जावे आणि भारतरावांनी एकट्याने मोर्चा सांभाळावा. गंगापूर रस्त्यास गिऱ्हाईक बंगल्यांतील, घासाघीस कमी करणारे, ही मसलत शुभांगीबाईंनी मध्येच सोडून दिली, आणि भारतरावांची मान पुन्हा हलली, ती मात्र होकाराचीच होती.

नवमीची पहाट जाहली. पाटावर धुके, पानांवर दव, आणि झेंडूचा वास ऐसा की जणू रानाने रात्रभर हळद वाटली. चंद्रभागाबाई, नवसाबाई, शुभांगीबाई आणि खासा लंकाबाईसाहेब ऐशा चौघी सरींत उतरल्या, मागे सृष्टीताई जाळी धरून, आणि लुगडी पोटरीपर्यंत भिजली, आणि बोटे काळी पडली, आणि मग सोनपापणीची गाणी ओळीने सुरू जाहली. पाळण्याचे गाणे म्हणता शेवंतीची बाजू सरली, सात डोंगरांचे गाणे म्हणता झेंडूच्या सात सरी सरल्या, आणि मुकी राजकन्या नदीस हात जोडते त्या जागी गाणेच नाही, नुसती बासरी, तर तेथे साऱ्यांनी तोंडे मिटून गुणगुणत तोडा पुरा केला. भारतराव बांधावर उभे राहून पाहात होते. आठास दहा मिनिटे असता दोनशेवी माळ गाठ मारून क्रेटात पडली, आणि तिचा शेवटचा टाका सृष्टीताईंचा होता, किंचित वाकडा.

मग कूच जाहले. छोट्या हत्तीवर झेंडूच्या जाळ्या, जाळ्यांवर माळांचे क्रेट, आणि राहिल्या जागी सारी फौज दाटीवाटीने बसली. भिमाजीरावांनी हत्तीस कुंकू लावून, पुढे माळ बांधून, नारळ फोडून तो हाकिला. मखमलाबाद नाका पार केला आणि रामवाडीच्या पुलावर येताच सारा मुलूख तुंबलेला दिसला. चांदवडाकडची झेंडूची वाहने, दिंडोरीकडची भाजी, रिक्षा, मोटारसायकली, मधेच उसाची मोळी डोक्यावर घेतलेला एक मनुष्य, ऐसे सैन्य उभे. कोणी पुढे सरेना, कोणी मागे हटेना, घड्याळात साडेनऊ वाजले आणि सृष्टीताईंच्या चेहऱ्याचा रंग उतरू लागला. तेव्हा नवसाबाईंस हिकमत सुचली. खंडेनवमीस प्रत्येक वाहनास माळ लागतेच, आणि येथे तर वाहनेच वाहने. त्या क्रेट काखेत मारून खाली उतरल्या, आणि पुढच्या मोटारसायकलवाल्यास माळ देऊन म्हणाल्या की दादा, गाडी सजली आता जरा बाजूला घ्या, आणि त्याने घेतली. मग रिक्षावाल्याने घेतली, मग भाजीवाल्याने, आणि ऐशा रीतीने वीस माळांत वीस वाहने बाजूस सरून छोटा हत्ती गंगेचा पूल उतरला. खाली गोदामाई संथ वाहात होती. तिने हे पाहिले की नाही याचा पुरावा मिळत नाही.

दहास पाच मिनिटे असता फौज मयूरपंखाखाली पोहोचली. भारतरावांनी पदपथावर गोणपाट अंथरून ढीग मांडिला आणि गिऱ्हाईक जमू लागले. बाकीची मंडळी हात धुऊन, पदर झटकून किल्ल्यात शिरली. किल्लेदार शेखरराव मॅनेजर मशीनच्या पूजेची तयारी करीत होते, कपाळी टिळा, परंतु चेहरा पडलेला. त्यांनी फौजेकडे पाहिले, बोटांनी मोजिले आणि कष्टी होऊन जाहीर केले की खेळ होणार नाही.

कारण पुसता कळले ते ऐसे. दहाहून कमी माणूस असेल तर खेळ लावावयाचा नाही, हा मालकांचा कायदा; आणि मालक मालेगावी बसून मोबाइलवर, छतास लाविलेल्या कॅमेऱ्यातून खुर्च्यांतली डोकी मोजतात. तिकिटे दहा घेतो, माणसे नऊ बसवा, ऐसे लंकाबाईसाहेबांनी बोलून पाहिले, परंतु मागे एका मॅनेजराने रिकाम्या खोलीस तिकिटे फाडून दाखविली होती, तेव्हापासून मालकांचा विश्वास कागदावरून उडून डोक्यांवर बसला होता. आता डोकी किती? लंकाबाईसाहेब, भिमाजीराव, शुभांगीबाई, चंद्रभागाबाई, नवसाबाई आणि सृष्टीताई, ही सहा; आणि आधीच येऊन बसलेली देवळाली कॅम्पाकडील निकिताबाई, जिचा नवरा तोफखान्यात, आणि तिच्या परकर नेसलेल्या जुळ्या मुली, ही तीन. एकूण नऊ. दारावरचे रावजी पहारेकरी मोजावे तर मालक त्यांची खाकी टोपी ओळखीत. रस्त्यावरून माणूस धरून आणावा तर खंडेनवमीस सकाळी दहा वाजता नाशकात रिकामा मनुष्य नाही. चंद्रभागाबाईंनी तिघांस बाहीला धरून पाहिले, तिघेही माळ घेऊन निघून गेले. सव्वादहापर्यंत दहावे डोके दिसले तर ठीक, नाहीतर नव्या चित्रपटाच्या सजावटीची माणसे आत शिरतील, ऐसे शेखररावांनी सांगितले, आणि सृष्टीताईंनी पहिल्या रांगेतील खुर्ची घट्ट धरिली.

तेव्हा गनिमी काव्याचा विचार जाहला. झेंडूची एक भरली जाळी बाहेरून आणून पाचव्या रांगेत बसविली, तीस भिमाजीरावांचा टॉवेल पांघरला, वर त्यांची पांढरी टोपी ठेविली, आणि लांबून पाहता एक खात्यापित्या घरचा मनुष्य पेंगत बसलेला आहे ऐसे हुबेहूब दिसले. दिवे मंद जाहले. जुळ्या मुली तोंडावर हात दाबून हसू लागल्या. इतक्यात शेखररावांचा मोबाइल वाजला आणि मालेगावाहून सवाल आला.

“तो टोपीवाला मघापासून हललेला नाय,” मालक म्हणाले. “बरा हाय ना तो? डॉक्टर बोलवा नायतर.”

शेखरराव भला मनुष्य, खोटे बोलता येईना. त्यांनी टोपी उचलून कॅमेऱ्यास दाखविली आणि आतून दोन झेंडू घरंगळत खुर्चीखाली गेले. पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला, परंतु कायदा तो कायदा. दहास अकरा मिनिटे होऊन गेली होती.

लंकाबाईसाहेब उठल्या. कोणास काही न सांगता पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला आणि भावाच्या ढिगापुढे उभ्या राहिल्या. भारतरावांभोवती गिऱ्हाइकांचा वेढा पडलेला, एका हाती माळ, दुसऱ्या हाती ती गुंडाळावयाचा कागद, ऊन चढते आणि फूल त्या उन्हात तासागणिक मान टाकते. ऐसे समयी जागा सोडणे म्हणजे वर्षाचे रान वाऱ्यावर सोडणे, हे त्या बहिणीस भावाहून कमी ठाऊक नव्हते.  म्हणोन त्या बोलल्या ते इतकेच.

“भारत, तवा मी उशिरा पोचले. आज तू येळेवर ये.”

आता या बोलण्याचा अर्थ लिहिणे प्राप्त आहे. नऊ वर्षांमागे सृष्टीताईंच्या बारशास लंकाबाईसाहेब चांदवडाहून निघाल्या, मांडीवर स्वहस्ते शिवलेली जरीची कुंची, आणि त्या दिवशी कांद्याचे ट्रॅक्टर महामार्गावर आडवे होऊन त्यांची बस दोन घटका एके जागी उभी राहिली. इकडे मुहूर्त टळू लागला, भटजी घाई करू लागले, आणि भारतराव मान हलवून बसले. मग शेजारची एक बाई आत्या म्हणोन पाळण्यापाशी उभी केली, तिने नाव सांगितले आणि तिच्याच पाठीत धपाटे पडले. लंकाबाईसाहेब पोहोचल्या तेव्हा बाळ निजले होते आणि मंडळी हात धूत होती. त्यांनी कुंची बाळाच्या उशाशी ठेविली, जेवल्या, आणि त्यानंतर नऊ वर्षांत त्या गोष्टीचा एक शब्द काढिला नाही. परंतु शेडखाली डोंगरावरच्या बाईचे गाणे लागले की त्यांची सुई का थांबे, हे भारतरावांस त्या दिवशी त्या रस्त्यावर, हातात अर्धी बांधलेली माळ असताना कळले.

त्यांनी ती माळ पुरी बांधली, गिऱ्हाइकास दिली, हात पँटला पुसले आणि रावजी पहारेकऱ्यास हाक मारून सांगितले की बाबा, एवढा ढीग बघा, कोणी मागितलं तर द्या, नाय मागितलं तर राहू द्या. रावजींनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि झेंडूच्या ढिगामागे बैठक मारिली. भारतराव धावत रस्ता ओलांडून, एका रिक्षेस चुकवून, पायऱ्या दोन दोन चढून आत आले आणि दाराजवळच्या खुर्चीच्या काठावर बसले, या बेताने की खेळ सुरू होताच निसटावे. डोके दहावे जाहले. ते हलतही होते, कारण त्यांस धाप लागली होती. मालेगावाहून परवानगी आली, शेखररावांनी मशीनला माळ घातली, उदबत्ती ओवाळली, आणि पडदा उजळला.

आणि मग तो प्रसंग आला. राजवाडा, पाळणा, जेवणावळ, आणि दारातून डोंगरावरची बाई आत शिरली. दोन महिने शेडखाली जिची बाजू घेतली ती बाई बायांनी प्रथम डोळ्यांनी पाहिली. अंग हिरवे, केस जळमटासारखे, खांद्यावर कावळा, आणि नाक ऐसे वाकडे की टोक हनुवटीस विचारपूस करील. ती पाळण्यावर वाकली, कुजबुजली, आणि जे धडाड धडाड वाजले ते धपाटे नव्हते, विजा होत्या. चंद्रभागाबाईंनी अंधारात मान वळविली.

“लंके, ही व्हय तुझी आत्या?”

 लंकाबाईसाहेबांनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. तेव्हा सृष्टीताई त्यांच्या दंडास बिलगून कानाशी बोलल्या, “मला म्हाईत होतं, आत्या. पण तुला ती लय आवडायची, म्हणून नाय सांगितलं.”

त्यानंतर खेळात जे जे गाणे आले ते ते साऱ्या फौजेने पडद्याबरोबर म्हटले, कारण गाणी सारी मुखोद्गत. चित्रे मात्र नवी, त्यामुळे तोंडाने गाणे चालू आणि डोळे कपाळास गेलेले. शेखरराव मशीनच्या खिडकीतून डोकावू लागले. निकिताबाईंच्या जुळ्या खुर्चीवर उभ्या राहून नाचू लागल्या. नवसाबाईंनी सात डोंगरांच्या गाण्यास टाळ्या धरिल्या. एकट्या लंकाबाईसाहेब गात नव्हत्या. भारतराव निसटणार होते ते पहिल्या गाण्यास निसटले नाहीत, दुसऱ्यास नाहीत, आणि तिसऱ्यास काठावरून मागे सरून पाठ टेकवून बसले.

मग तो बुरूज आला, ते दार आले, आणि सोनपापणीने हात उचलिला. मोबाइलात येथे काळे होत असे. येथे काळे जाहले नाही. दारावर थाप पडली, दार उघडले, आणि मुकी पोर आणि हिरवी म्हातारी समोरासमोर उभ्या राहिल्या. म्हातारीने शिव्या दिल्या नाहीत, पोरीने झिंज्या उपटल्या नाहीत. पोरीने म्हातारीच्या हातास धरिले आणि खिडकीपाशी नेऊन बसविले, आणि म्हातारीने मूठ उघडली तो तिच्या तळहातावर चिमुकल्या पाखराएवढे गाणे बसलेले. ते उडून पोरीच्या गळ्यात गेले, आणि पोर पहिल्याने गायिली ते म्हातारीचेच गाणे, डोंगराच्या गं पल्याड, एकलीचं माझं घर. तेथे लंकाबाईसाहेबांचा गळा उघडला. त्या ऐशा गायिल्या की बाकीच्या बायांनी आपले आवाज खाली घेतले. मग पुढे राज्यात उत्सव, फुलबाज्या, राजकन्येचा नाच, आणि सर्वांत शेवटी, उत्सवातून एकटाच निघून, राजा डोंगर चढतो, मुकुट काढून काखेत धरितो आणि म्हातारीच्या दारापुढे उभा राहतो.  तेथे चित्रपट संपला. ती बाई राजाची कोण, हे चित्रपटवाल्यांनी कोठेही सांगितले नाही.

मंडळी उन्हात बाहेर आली. चंद्रभागाबाईंनी लढाई पुन्हा उकरली की हिरवी बाई कोणाची आत्या होत असते काय, ती चेटकीण, आणि लंकाबाईसाहेबांचा निवाडा खोटा पडला. लंकाबाईसाहेब म्हणाल्या की असंल बाई, आपण काय कानानं बघितलं. आणि ढिगाकडे वळून सुई हाती घेतली. ढीग निम्मा सरला होता, रावजींनी तो शर्थीने लढविला होता, फक्त आंब्याची पाने कोणी मागितली नाहीत तीसुद्धा त्यांनी वाटून टाकिली होती. भारतराव गोणपाटावर बसले, एक माळ उचलली, परत ठेविली, आणि ज्या मनुष्याने दोन महिन्यांत सोनपापणीवर एक वाक्य काढिले होते तो आपण होऊन बोलला.

“आक्का, त्या राजाचं नाक बघितलं का?”

“नाकाचं काय?”

“दाढी हाय म्हणून दिसत नाय. पण शेवटाला तो दारात आडवा उभा ऱ्हातो ना, तवा बघ. तिच्यासारखंच हाय, वाकडं. सख्खीच हाय ती.”

चंद्रभागाबाईंच्या दातांत देठ होते ते तैसेच राहिले. नवसाबाई म्हणाल्या की आता आठवतं, होतं खरं. लंकाबाईसाहेबांनी भावाकडे पाहिले नाही, फुलाकडे पाहिले, आणि सुई ऐसी भरभर चालविली की तीन माळा होईस्तोवर कोणाची मध्ये बोलण्याची छाती जाहली नाही.

येणेप्रमाणे मयूरपंखाचा किल्ला नऊ डोक्यांनी वेढिला आणि दहाव्याने सर केला. सोनपापणीचे गाणे तिला परत मिळाले. डोंगरावरची बाई राजाची बहीण होय, ही बाब राजश्री भारतरावांनी भर रस्त्यावर, गिऱ्हाइकांसमक्ष, स्वमुखे कबूल केली; सबब शेडखालचा निवाडा कायम, आणि त्यावर पुन्हा फिर्याद चालणार नाही. आपले फूल दिवेलागणीपर्यंत सरले. परतीचे वाटेवर सृष्टीताई माहुताशेजारी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून आधी बापाचे नाक पाहिले, मग आत्याचे पाहिले, मग छोट्या हत्तीचा आरसा आपल्याकडे फिरवून स्वतःचे पाहिले, आणि ती तिन्ही एकाच वळणाची निघाली. मग आरसा जागेवर ठेविला, आणि मखमलाबाद येईस्तोवर गात राहिल्या.